हात स्टिअरिंगकडं गेला

मंगळवार, रात्री साडेअकरा

मनूचा आज ड्रायव्हिंग क्लासचा पहिला दिवस होता. रात्री जेवताना सांगत होती, गाडी चालू केली, क्लच दाबला, सर म्हणाले पहिला टाक, तर हिचा डावा हात थेट स्टिअरिंगच्या मागं गेला गियर शोधायला, तिथं लागला वायपरचा दांडा आणि कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायला लागले. सर हसले, मागच्या सीटवरच्या दोन पोरी हसल्या, ही पण हसली. सांगताना आईला ठसका लागेपर्यंत घरातले सगळे हसले. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला आणि हात धुवायला उठलो.

कुणाला काही कळलं नाही. बरंच झालं.

महिन्याभरापूर्वी तिनं विचारलं पण नव्हतं, नुसतं सांगितलं, पप्पा माझं लर्निंग निघालंय, मी क्लास लावते, आपली गाडी होईल तेव्हा होईल. हे "होईल तेव्हा होईल" तिनं रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणून सांगावं तशी म्हणाली आणि केस बांधायला लागली.

2008 ला माधवनगरहून गाडी ओढत आणली तेव्हा ती दीड वर्षाची, तिच्या आईच्या कडेवर होती. 78 ची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, चिंचेखाली सात वर्षं उभी, बोनेटवर पाला कुजून पत्र्याला भोकं पडलेली. मी तेव्हा दारात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ह्याच गाडीवर शिकवणार हिला. 18 वर्षं म्हणजे हातात केवढा वेळ आहे असं वाटलेलं. काम दोन वर्षांचं धरलं होतं.

मग काय काय झालं ते ह्याच वहीत आहे, परत लिहीत नाही. आईचं ऑपरेशन, ती दोन वर्षं, मग माझ्याबरोबर गाडीवर काम करणाऱ्या चाचांचं ते. चाचा असते तर... जाऊ दे. इंजिन 2018 ला बसवून झालं. ब्लॉक कोल्हापुरात उद्यमनगरला बोअर करून आणला, पिस्टन ओव्हरसाइज, हेड फेसिंग, व्हॉल्व चाचांनी स्वतः हातानं घासलेले. बाटलीतनं पेट्रोल सोडून चार मिनिटं चालवलं होतं, चाचांनी कान बोनेटजवळ नेऊन डोळे मिटले होते. आणि पुढच्या ऑगस्टला महापूर, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फूट 6 इंच. शामरावनगरात आमच्या शेडमध्ये गाडी टपापर्यंत बुडाली, आम्ही विश्रामबागेत ताईकडं. आठ दिवसांनी परत आलो तर आत सीटवर वीतभर गाळ, काळा, गुळगुळीत. ऑइलचा बोल्ट सोडला तर आधी पाणीच आलं. मनू बारा वर्षांची. दाराच्या आतल्या बाजूला खाली पत्र्याची घडी असते, तिथं हात जात नाही, तर हिनं स्वयंपाकघरातला चमचा आणून त्या फटीतला गाळ उकरून काढला, चारही दारांचा, दोन दिवस. एका दारात बारका खेकडा निघाला, तो तिनं चमच्यावर घेऊन गटारीपर्यंत नेऊन सोडला. मी तेव्हा पायरीवर बसून होतो, माझ्यानं काही होत नव्हतं.

खालचा पत्रा सगळा गेला. कापून वीस गेजचा नवा टाकायला तीन वर्षं गेली, कारण पैसे येतील तसं एकेक बाजू.

पूर्वी सगळे विचारायचे, काय, झाली का गाडी? मला वैताग यायचा. भावजी तर प्रत्येक दिवाळीला विचारायचे. आता किती वर्षं झाली कुणी विचारत नाही. भावजींनी मधल्या काळात दोन गाड्या बदलल्या. शेडकडं कुणी बघत पण नाही, घराला जशी पाण्याची टाकी असते तशी ती आहे. पासिंगची फी आधी 600 होती, 2022 ला 5000 झाली, आता 20 वर्षांवरच्या गाडीला 10000, म्हणजे मी थांबलो पण बाकी काही थांबलं नाही. एक जण म्हणाला आता तीनच वर्षं थांब, 50 ची झाली की व्हिंटेजमध्ये नोंदव, व्हीए नंबर मिळेल, मान असतो. पण तशी नोंदवली की रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला नाहीतर कामाला, एवढ्यालाच रस्त्यावर काढायची. मला ती मंडईत न्यायचीय. मिरजेला स्टेशनवर कुणाला आणायला न्यायचीय. पोरीला शिकवायची होती.

तेच परत परत येतंय मनात. वायपर. चारचौघात पोरीचं हसं झालं ते माझ्यामुळं. मी तिला काय शिकवलं तर उभ्या गाडीचे गियर.

दहा वाजता शेडमध्ये जाऊन बसलो. दिवा लावला नाही. डावा हात उचलला तर दांड्यावरच गेला. आणि मग आठवलं की ती आठ वर्षांची असताना गियरच्या दांडीचे बुश बदललेले, जुने झिजून दुसरा टाकला की चौथ्यात जायचा. मी खाली पाठीवर, तोंडावर ग्रीस, आणि वर ती, बुडाखाली दोन उशा. मी खालनं ओरडायचो पहिला, ती टाकायची. दुसरा. परत पहिला. तिसरा. एकेका रविवारी शंभर वेळा तरी झालं असेल, कारण मला एक धागा जास्तीचा आवळलेला पण चालत नव्हता. बसला की ती वरनं सांगायची, बसला पप्पा, कट्ट वाजलं. माझ्या आधी तिला कळायचं. म्हणजे तो हात मी शिकवलाच नाही, मी नुसता खाली पडून ओरडत होतो. तो तिनं स्वतःच...

माझा गळा भरून आला होता, खरं सांगतो. पण मघाचा आवंढा वेगळा आणि हा वेगळा.

तेवढ्यात ही आली. मनू. हातात लाइट घेऊन. म्हणाली, अंधारात काय करताय, ब्रेकमधली हवा काढायची होती ना आज? मी विसरलोच होतो, ब्रेकचा मास्टर सिलिंडर रविवारी बसवलाय. म्हटलं तुला सकाळी लवकर उठायचंय. ती तोपर्यंत आत बसलेली, सीट पुढं ओढलेली. उशा नाही लागल्या.

मागच्या डाव्यापासून सुरुवात केली, सगळ्यात लांबचं तेच. निपलला सलाईनची नळी, नळीचं टोक बाटलीत ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. दाब. दाब. दाब, धर. मी पाना फिरवला की नळीतनं बुडबुडे सरसर यायचे, साबुदाण्याएवढे, मग मोहरीएवढे, मग नुसतं तेल. सोड. तीन चाकं झाली. तिसऱ्याला ती म्हणाली, आता पायाला कडक लागतंय, पप्पा, आधी नुसतं पोकळ जात होतं.

मधेच मी म्हटलं, सॉरी गं. तिनं विचारलं कशाबद्दल. म्हटलं ते वायपर. ती म्हणाली, अहो त्यात काय, सरांनी विचारलं तुला कुणी शिकवलं असं, तर मी सांगितलं आमच्याकडं पद्मिनी आहे, तर त्यांनी शेवटची दहा मिनिटं गाडी बाजूला लावून पद्मिनीचंच विचारलं. त्यांच्या वडिलांकडं होती म्हणे. बघायला येऊ का म्हणालेत.

हे तिनं जेवताना का नाही सांगितलं? मी उठून गेलो म्हणून राहिलं असेल.

तिचा क्लास सकाळी सातला आहे. पुढच्या उजव्या चाकाचं राहिलंय, बाटलीतलं ऑइल संपलं.