वादळ येत होतं तर लेक तिथून निघाली का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडईत, भिशीत, लग्नात, कुठेही गेले तरी कोणीतरी विचारतंच, की अहो २०२४ ला फ्लोरिडात एवढं मोठं वादळ आलं, दोन-तीन दिवस आधी सगळ्यांना माहीत होतं, मग तुमची लेक पोरीला घेऊन निघाली का नाही? आणि तुम्ही आई असून तिला निघ म्हणाला नाहीत?

निघ म्हणाले नाही. ओठांवर आलेलं गिळलं.

लेक टँपाजवळ ब्रँडनला राहते. जावई हॉस्पिटलमध्ये नोकरीला, आणि तिकडे वादळाच्या वेळी हॉस्पिटलची एक टीम आतच मुक्कामाला जाते, रायडआऊट टीम म्हणतात, वादळ जाईपर्यंत घरी यायचं नाही. त्यात जावयांचं नाव होतं. म्हणजे घरी लेक आणि चार वर्षांची नात, दोघीच. सोमवारी ७ ऑक्टोबरला हे वादळ, मिल्टन त्याचं नाव, मेक्सिकोच्या आखातात होतं, बघता बघता कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालं, वारा ताशी २८५ किलोमीटर. मायामीचे हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस टीव्हीवर बोलता बोलता रडले, १० तासांत वादळातला हवेचा दाब ५० मिलिबारने उतरला हे सांगताना, दाब जितका उतरतो तितकं वादळ जोरदार. तो व्हिडिओ मला चार ग्रुपवर आला. ज्याचा जन्म वादळं सांगण्यात गेला तो माणूस रडतोय म्हटल्यावर माझे हातपायच गळाले. आणि दोनच आठवड्यांपूर्वी हेलेन नावाच्या आधीच्या वादळाचं पाणी टँपाच्या किनाऱ्यावरच्या घरांत शिरलेलं, लोकांच्या भिजलेल्या गाद्या-सोफे अजून रस्त्याकडेला पडून होते.

फोन केला तर तीच मला समजावत होती. आई, इथे सांगतात पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. किनाऱ्यापासून झोन केलेत ए, बी, सी असे, ए आणि बी वाल्यांना निघायला सांगितलंय, कारण समुद्राचं पाणी १० ते १५ फूट उंच चढेल असा अंदाज आहे, आमचं घर कुठल्याच झोनमध्ये येत नाही, घर नवीन नियमांनी बांधलेलं आहे, आणि आत्ता मी निघाले तर हायवेवर रांगा, पंपांवर पेट्रोल नाही, पोरीला घेऊन रस्त्यात अडकले आणि वर वादळ आलं तर? बाथटब पाण्याने भरून ठेवलाय, कोठीच्या खोलीत गादी टाकलीये, तिथे खिडकी नाही, छोटीचं सायकलचं हेल्मेट पण तिथेच ठेवलंय.

तिचा हिशोब पक्का होता. माझाच जीव ऐकत नव्हता.

आता मी गप्प का बसले ते सांगते, त्यासाठी २०१९ आठवावं लागेल. आमचं घर सांगलीत गावभागात. ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा लेक तिकडून दर तासाला विचारायची, आई, आयर्विनला किती? सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. ती रोज म्हणायची बाहेर पडा, आणि आम्ही रोज म्हणायचो अगं २००५ ला पाणी पायरीपर्यंतच आलेलं, आता कशाला वर येतंय. मागचा पूर हीच आमची मोजपट्टी होती. ती चुकली. आयर्विन ५७ फुटांच्या वर गेलं, लाईट गेली, फोन बंद पडले, आम्ही वरच्या मजल्यावर, आणि त्यातच ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली ही बातमी तिने तिकडे वाचली. बोटीने आम्हाला काढून विश्रामबागला बहिणीकडे पोचवलं तेव्हा मी तिला फोन लावला, तर ती काही बोलेचना, नुसता रडण्याचा आवाज. कामावर होती, पार्किंगमध्ये गाडीत बसून रडत होती. तो आवाज मी विसरले नाहीये.

म्हणजे तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं ते मी ऐकलं नाही, आणि आता ती सगळं नीट बघून ठरवत होती तर मी मध्येच माझी भीती तिच्या गळ्यात कशी घालू? त्या दिवसात तिला माझी समजूत काढण्याचं आणखी एक काम नको होतं.

घरात घट बसलेले होते. तिथल्या हरिकेन सेंटरचं मुख्य बुलेटिन दर सहा तासांनी येतं, आपल्याकडे दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मग पहाटे अडीच, सकाळी साडेआठ. पहाटेच्या अडीचला उठून मी आधी समईत तेल घालायचे, वात पुढे सारायचे, मग फोन उघडायचे. नकाशावर तो पांढरा पंखा दिसतो ना, तो वादळाचा आकार नव्हे, केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज, हे मला लेकीनेच शिकवलेलं. ब्रँडन त्या पंख्यात होतंच.

१० ऑक्टोबरला आपल्या सकाळी सहाला मिल्टन सिएस्टा की या बेटाला धडकलं, टँपाच्या दक्षिणेला. टीव्ही लावला तर सगळीकडे रतन टाटा गेल्याची बातमी. वाईट वाटलंच, पण डोळे मिल्टनचं काही दिसतंय का तेच शोधत होते. सहा चाळीसला लेकीचा मेसेज आला, लाईट गेली, छोटी झोपलीये, कोठीत आहोत. त्यानंतर माझ्या प्रत्येक मेसेजला एकच टिक. एकच टिक. सकाळचे अकरा वाजले, बारा वाजले, नैवेद्याचा स्वयंपाक मी केला पण काय केलं ते आठवत नाही.

संध्याकाळी सव्वापाचला, तिकडे उजाडल्यावर, फोटो आला. कुंपण आडवं, ओकची मोठी फांदी अंगणात, आणि नात गमबूट घालून उभी, डोक्यावर हेल्मेट तसंच. तिला ते काढायचंच नव्हतं म्हणे.

वादळ थोडं दक्षिणेला सरकलं म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि टँपाच्या खाडीचं पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर ओढलं गेलं. पण पाऊस प्रचंड झाला. सगळे म्हणाले सुटलो एकदाचे. मी सांगलीची आहे हो, पाऊस थांबल्यावर नदी चढते हे मला कोणी सांगायला नको. तिला विचारलं, तुमच्याजवळ नदी कुठली? अलाफिया, म्हणाली, घरापासून लांब आहे. मी म्हटलं असू दे.

मग लिहिलं, अलाफियाला किती?

थोडा वेळ उत्तर आलं नाही. मग तिने आकडा पाठवला. आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत, गाडीत फोन चार्ज करून करून, मी न विचारता फूट पाठवत राहिली.