लाइम रेजिस: जीवाश्म शोधताना कड्याकडे नाही, पायाखाली बघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये लाइम रेजिस आणि चारमथ ही शेजारशेजारची गावं. जुरासिक समुद्रातले जीव बघायला इथे जा, असं बरेचजण सांगतात. गेल्यावर करायचं काय, हे फारसं कोणी सांगत नाही.

आधी ओहोटीची वेळ बघा. पाणी उतरू लागलं की त्याच्यामागे जायचं आणि भरती लागायच्या आत परतायचं. दोन गावांमधल्या पट्ट्यात भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं, माणूस मधेच अडकतो. तिथला ब्लॅक व्हेनचा कडा सारखा ढासळत असतो. पायथ्याचा चिखल वरून सुकलेला दिसला तरी त्यात पाय घालू नका, रुतेल.

नवखी मंडळी हातोडा घेऊन कड्याकडे धावतात. कड्यात खणायला परवानगी नाही आणि गरजही नाही. दरड कोसळते, लाटा माती धुऊन नेतात आणि आतला जड माल खडीत साचतो. हिवाळी वादळांनंतर तर जास्तच. बारीक खडीचा एखादा पट्टा धरा, उकिडवे बसा आणि नजर आकारावर ठेवा. बराच वेळ नुसते दगडच दिसतात. मग अचानक नखाएवढं पितळी वेटोळं दिसतं, त्यावरच्या बारीक कंगोऱ्यांसकट. हा पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या पितळी खनिजाचा अमोनाइट. अमोनाइट म्हणजे नामशेष झालेला, वेटोळ्या शंखाचा समुद्री जीव, हा सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीचा. बंदुकीच्या गोळीसारखे दिसतात ते बेलेम्नाइट, माकुळाच्या जुन्या नातलगांच्या अंगातला कठीण भाग.

सुटे पडलेले नमुने उचलता येतात. हाड किंवा मणका वाटेल असं काही मिळालं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवा. तिथे ओळखूनही देतात आणि महत्त्वाच्या नमुन्यांची नोंदही होते. पायराइटला दमटपणा सोसत नाही, पुढे त्याचा भुगा होतो. गोड्या पाण्यात बुडवून खार काढा आणि पूर्ण वाळवूनच डबीत ठेवा.

लाइमच्या जुन्या धक्क्यापलीकडे, म्हणजे कॉबच्या पश्चिमेला, मॉनमथ बीचवर ओहोटीत चुनखडीची फरशी उघडी पडते. तिच्यात मोठमोठे अमोनाइट रुतलेले आहेत, काही अर्धा मीटरहून रुंद. ते फक्त बघायचे. बूट चांगले हवेत, शेवाळावरून पाय सटकतो.

लाइमचं म्युझियम मुद्दाम शेवटी ठेवा. एकोणिसाव्या शतकात इथेच जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगचा जन्म झाला त्या घराच्या जागेवरच ते उभं आहे. 1811 मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपाची कवटी सापडली, उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी तिने शोधला. वय जेमतेम 12-13. 1823 मध्ये तिला मिळालेल्या प्लेसिओसॉरची, म्हणजे आणखी एका समुद्री सरीसृपाची, मान इतकी लांब होती की फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएसारख्या जाणकारालाही तो बनावट वाटला. शोध तिचे आणि शोधनिबंध पुरुषांच्या नावावर, कारण जिऑलॉजिकल सोसायटीत तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. दिवसभर खडीत कंबर मोडल्यावर हे वाचताना राग जरा जास्तच येतो.

जवळचं रेल्वे स्टेशन अ‍ॅक्समिन्स्टर, पुढे बस. मेरीला सापडलेले काही सांगाडे मात्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिथे प्रवेश मोफत आहे, तेव्हा परतीच्या वाटेवर अर्धा दिवस हाताशी ठेवा.