भूल दिल्यावर माणूस जातो कुठे?

तीस वर्षं पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतेय. लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला: "तुम्ही रोज माणसांची शुद्ध घालवता नि परत आणता. मग सांगा, मेंदू सोडून जाणीव वेगळी असते का हो?" परवा ओंकारेश्वरच्या घाटावर शेजारच्या काकूंनीही हेच विचारलं. काकांचं दहावं होतं. पिंड मांडून झाले होते आणि कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. तिथे मला धड बोलता आलं नाही.

आधी मी रोज काय बघते ते सांगते. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध असतं. साठ किलोच्या माणसाला साधारण १२ मिली. "डॉक्टर, हात चरचरतोय," असं पेशंट म्हणतो आणि अर्ध्याएक मिनिटात त्याचं बोलणं मध्येच तुटतं. मी पापणीच्या केसांना हलकेच बोट लावते. पापणी लवत नाही. याला आम्ही झोप म्हणतो खरं, पण झोपेतून उठलेल्याला वेळ गेल्याचा काहीतरी अंदाज असतो. माझे पेशंट दोन तासांनी डोळे उघडून विचारतात, "ऑपरेशन कधी सुरू करणार?"

एवढ्याशा औषधाने जी मालवते आणि औषध उतरलं की परतते, ती जाणीव मेंदूवाचून राहत असेल असं मला वाटत नाही. आंबवलेल्या पदार्थात नशा उपजते तशी देहात जाणीव उपजते, ही चार्वाकांची उपमा मला पटते. कशी उपजते, हे कोडं मात्र अजून कुणालाच सुटलेलं नाही.

हृदय बंद पडून वाचलेली काही माणसं सांगतात, मी वरून स्वतःला पाहिलं. त्यांना मी खोटं पाडणार नाही. सॅम पार्निया या डॉक्टरांनी याचाच माग घेतला. रुग्णालयांत उंच फळ्यांवर, फक्त छताकडूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ साली निष्कर्ष आले: हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, आणि चित्र पाहिलं असं सांगणारा एकही नाही. बहुतेक घटना फळ्या नसलेल्या ठिकाणी घडल्या, हेही खरं. म्हणून त्यावरून मी फार काही ठरवत नाही.

मला घोर लागतो तो उलट्या बाजूचा. मेंदूत जाणीव आहे आणि बाहेर कुणाला पत्ताच नाही, असं झालं तर? भूल देताना स्नायू सैल करणारं औषधही देतात, त्याने अंग हलत नाही. त्याआधी एका हाताला पट्टा आवळला तर त्या हातात ते पोचत नाही. मग पेशंटला सांगायचं, "ऐकू येत असेल तर हात दाबा." २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी दाबला. हे वाचल्यापासून माझ्या टेबलाभोवती पेशंटबद्दल वेडंवाकडं बोललेलं मी खपवून घेत नाही.

त्याआधी, २००६ साली, एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाने अपघातानंतर काही महिने कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. धडधाकट माणसाच्या मेंदूत जो भाग जागा होतो, तोच तिच्याही मेंदूत जागा झाला.

घाटावर काकू पुढे जे बोलल्या त्यातच त्यांचा खरा प्रश्न होता. काका नऊ दिवस आयसीयूत बेशुद्ध होते. भेटीच्या वेळेत काकू रोज त्यांच्या कानाशी पेपर वाचायच्या, पहिल्या पानापासून. "वाया गेलं का गं ते?"

काकू, ते आता कुठे असतील ते मला माहीत नाही. पण त्या नऊ दिवसांत त्यांचा मेंदू जिवंत होता, आणि डोळे मिटलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं मी माझ्या टेबलावरच्या कुणाबद्दलही धरून चालत नाही. तुम्ही वाचलंत ते फार बरं केलंत.