क्रोनॉस बंद झाला, आता तो कोकणात टिकवायचा कसा

कॉर्ग कंपनीचा क्रोनॉस हा कीबोर्ड (वर्कस्टेशन सिंथेसायझर) जानेवारी २०११ मध्ये आला. २०१२ ला क्रोनॉस एक्स, २०१४ ला पुन्हा सुधारित आवृत्ती, आणि २०२० च्या अखेरीस कॉर्गचाच नवा कीबोर्ड नॉटिलस जाहीर झाल्यावर तो हळूहळू कंपनीच्या यादीतून गेला. कंपनीचं सगळ्यांत वरचं मॉडेल एवढी वर्षं एकाच नावाखाली चालणं या धंद्यात फारसं घडत नाही. बंद झाला म्हणून वाजायचा थांबत नाही, हे खरं. पण गणपतीत, जत्रेत, शिमग्यात ज्यांचा क्रोनॉस अजून स्टँडवर चढतो, त्यांनी काही कामं आत्ताच उरकलेली बरी.

आधी नॉटिलसचं. आवाज घडवणारी नऊही इंजिनं त्यात आहेत आणि क्रोनॉसची पीसीजी फाइल (टोनची साठवण) तो उघडतो. पण कर्मा, म्हणजे धरलेल्या सुरांवरून आपोआप साथ आणि ताल वाजवणारी सोय, नाही; तिच्या जागी अर्पेजिएटर आहे, जो धरलेले सूर नुसते एकेक करून वाजवतो. कर्मावर बांधलेली कॉम्बी (अनेक टोन एकत्र केलेली मांडणी) उघडेल, पण तालाचा जो भाग कर्मा वाजवत होती तो मिळणार नाही. नऊ स्लायडर गेले. म्हणजे सीएक्स-३ या ऑर्गन इंजिनाचे नऊ ड्रॉबार (स्वराचा पोत बदलणाऱ्या सरकत्या पट्ट्या) बोटांखाली उरले नाहीत. बोट फिरवून आवाज वळवायची रिबन पट्टी आणि आवाजांचं मिश्रण बदलणारी व्हेक्टर जॉयस्टिकही गेली. पहिल्या नॉटिलसला आफ्टरटचसुद्धा (दाबून धरलेल्या कळेवरचा जादा दाब ओळखण्याची सोय) नव्हता. शहनाई-बासरीचा स्वर लावून धरायचा आणि कळ जरा दाबून त्याला आंदोलन द्यायचं, ही ज्यांची सवय, त्यांचा हात तिथे अडखळतो. पियानो, स्ट्रिंग्ज आणि साथीपुरता कीबोर्ड हवा असेल तर नॉटिलस चांगला आहे. चालू स्थितीतला क्रोनॉस विकून तो घेण्यात मात्र काही अर्थ दिसत नाही.

क्रोनॉस म्हणजे आतून एक छोटा संगणक: इंटेल ॲटम प्रोसेसर, लिनक्स, एसएसडी (साठवणीची डिस्क). ही गोष्ट आता आपल्या पथ्यावर पडते. एसएसडी, पंखा, मदरबोर्डवरचं बटणाएवढं सेल या वस्तू संगणकाच्या बाजारातल्या आहेत, त्या मिळत राहतील. टचस्क्रीन, कळांखालच्या रबरी पट्ट्या, जॉयस्टिक, स्लायडरचे बोर्ड यांचं तसं नाही. पैसे घालायचे तर दुसऱ्या गटात घाला, आणि त्यातही पहिला मान रबरी पट्ट्यांना. आपल्या मॉडेलच्या कळा ६१, ७३ की ८८ हे सांगूनच मागवा; ६१ चा कीबेड (कळांचा सांगाडा) वेगळा आहे.

एसएसडी पहिल्या मॉडेलमध्ये ३० जीबीची, पुढच्यांत ६२ जीबीची. तिची नक्कल करायची तर फाइली ओढून चालत नाही. आत लिनक्सची विभाजनं आहेत, त्यामुळे पूर्ण डिस्कची बिट-बाय-बिट क्लोन लागते. ती संगणकवाल्याकडून करून घ्या, क्लोन आत बसवून वाद्य सुरू होतं का ते पाहा आणि मूळ डिस्क कोरड्या डब्यात जपून ठेवा.

बॅकअपमध्ये सगळ्यांत जास्त फसगत होते ती सॅम्पलची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांची. पीसीजी फाइलीत प्रोग्रॅम, कॉम्बी, सेट लिस्ट येतात, सॅम्पल येत नाहीत. आपल्याकडचे टोन बहुतेक बाहेरून घातलेले असतात: ढोलकी, ताशा, संबळ, शहनाई. नुसती पीसीजी जपून ठेवली तर परत भरल्यावर नावं दिसतात, कळ दाबली की आवाज नाही. म्हणून डिस्क मोडमध्ये ‘सेव्ह ऑल’ करून पीसीजी, एसएनजी (गाणी) आणि केएससी (सॅम्पलची यादी) तिन्ही घ्या. त्यातही केएससी युजर सॅम्पल बँकेशी फक्त दुवे जोडून सेव्ह झाली असेल, तर सॅम्पलची मूळ फोल्डरं वेगळी उतरवावी लागतात. एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले दोन पेनड्राइव्ह वापरा आणि ते दोन घरांत ठेवा. विकत घेतलेल्या लायब्ऱ्यांचे ऑथरायझेशन कोड आणि वाद्याचा पब्लिक आयडी वहीत लिहा. कोड त्या आयडीलाच बांधलेला असतो.

आता वीज. क्रोनॉस सुरू व्हायला दोनेक मिनिटं घेतो. मंडपात जनरेटरवर बदली होताना वीज क्षणभर गेली, की गायक उभा, ढोलकीवाला वाजवतोय आणि कीबोर्डवर नुसता लोगो. सेव्ह चालू असताना गेली तर डिस्कवरचा डेटाच बिघडू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस एका कीबोर्डला पुरतो. त्यावर ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर लावायचा नाही. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर घुंईऽ असा आवाज येतो म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. तसं करू नका, कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी डबी) लावून त्यावरची ग्राउंड लिफ्टची कळ दाबा.

खाऱ्या हवेचा मार मुख्यतः कळांवर आणि जॅकवर पडतो. प्रत्येक कळेखाली रबरी घुमटात कार्बनचे दोन ठिपके असतात, थोड्या वेगळ्या उंचीवर. पहिला आणि दुसरा टेकण्यात किती वेळ गेला त्यावरून वाद्य जोर ठरवतं. ओलसर धूळ बसून एखादा ठिपका टेकेनासा झाला, की ती कळ एक तर मुकी होते नाही तर हळू दाबूनही कानठळ्या बसवते. हा बोर्डाचा बिघाड नव्हे, साफसफाईचं काम आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन रबर आणि सर्किटवरचे काळे पट्टे हलक्या हाताने पुसायचे आणि पंधरा मिनिटं वाळू द्यायचे. खोडरबर, पॉलिश पेपर, डब्ल्यूडी-४०, पेट्रोल यांतलं काहीही नको. कार्बन निघून जातो, रबर फुगतं. पट्टी परत बसवताना तिची बोंडं बोथट काडीने भोकांत ढकला, ओढू नका. खालच्या हवेच्या वाटा बंद झाल्या तर कळ जड लागते.

पावसाळ्यात वाद्य प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकणं सगळ्यांत वाईट, आतली दमट हवा तिथेच कोंडते. घरात सुती कापड घाला, आठवड्यातून एकदा दोन तास चालू ठेवा. आतली ऊब ओल घालवते. केसमध्ये ठेवायचाच तर २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल टाका आणि रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. निळी जेल टाळा, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. जॅकची भोकं उघडी राहिली तर मुंग्या शिरतात, पालसुद्धा अंडी घालते. एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत आणलं तर तासभर थांबून मगच चालू करा. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये शिरलं तसं पुराचं पाणी आत गेलं असेल तर ‘चालतोय का बघू’ म्हणून प्लग लावू नका. आधी उघडून गाळ स्वच्छ पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुवून पूर्ण वाळवावं लागतं, आणि तेवढं करूनही वीजपुरवठ्याचा भाग आणि डिस्क वाचेलच असं नाही.

सेकंडहँड घेताना पियानोचा टोन लावून प्रत्येक कळ आधी अगदी हळू, मग जोरात दाबा. स्क्रीनचे चारही कोपरे, नऊही स्लायडर, आफ्टरटच, दोन्ही यूएसबी तपासा. वाद्य बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत शेजारी बसा आणि पंख्याची घरघर ऐका. वाद्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ३ च्या खालची दिसली तर हरकत नाही, ते अपडेट जुन्या क्रोनॉसनाही फुकट होतं. रिस्टोअरच्या (सॉफ्टवेअर पुन्हा भरायच्या) डीव्हीडी मात्र विकणाऱ्याकडून मागून घ्या. त्या चालवायला यूएसबीवरचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो, आणि तोही आता दुकानांत शोधावाच लागतो.