शाळेत जाणारा कुत्रा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर मला आधी आठवला तो माझा रजेचा अर्ज. १९८४ साली, नववीत असताना, मला कुत्रा चावला. तेव्हा पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागत. अर्ज इंग्रजीतच हवा, हा सरांचा दंडक. मी लिहिलं, ‘वॉकिंग टु स्कूल, अ डॉग बिट मी.’ सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “कुत्रा कितवीत आहे रे?” वर्ग खो खो हसला. माझं पोट आधीच ठणकत होतं, त्यात विनोदही कळला नव्हता.

कळणार कसा? ‘शाळेत येताना मला कुत्रा चावला’ यात मराठीला काही खटकत नाही. जेवताना फोन आला, घरी जाताना पाऊस लागला, असं आपण रोज बोलतो. पाऊस घरी निघाला होता असं कुणाच्या मनातही येत नाही. इंग्रजीत मात्र वाक्याच्या तोंडाशी बसवलेलं ‘वॉकिंग’ पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतं, आणि तिथे मी कुत्रा उभा केला होता. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’ लिहिलं असतं तर भागलं असतं.

त्याच तासाला सरांनी फळ्यावर ‘आय गेव्ह हिम टेन रुपीज’ लिहिलं आणि ‘ओन्ली’ पुसून पुसून जागा बदलत नेला. मराठी आम्ही ओरडून सांगायचं. ‘आय’च्या आधी? मीच दिले. ‘हिम’च्या आधी? त्यालाच दिले. ‘टेन’च्या आधी? दहाच दिले. “आपला च शब्दाला बांधलेला असतो. त्यांचा ओन्ली मोकाट, जागा बघूनच बसवायचा,” सर म्हणाले. (बोलताना इंग्रज स्वतःच ‘आय ओन्ली गेव्ह हिम टेन’ म्हणतात आणि आवाजाच्या जोरावर निभावून नेतात, हे मला फार उशिरा कळलं. सरांनी ते मान्य केलं नसतं.)

पुढे बँकेत मसुदे तपासायचं काम आलं. एकदा समोर आलं, ‘व्हिजिटिंग बॉरोअर्स ऑफन इम्प्रूव्ज रिकव्हरी.’ कर्जदाराकडे वरचेवर जायचं, की गेल्यावर वसुली बहुतेकदा वाढते? ‘ऑफन’ दोन्हीकडे पाय टाकून उभा! मी ‘फ्रीक्वेंट व्हिजिट्स’ केलं आणि सही केली.

तो अर्ज सरांनी मला परत दिलाच नाही. पाच वर्षांनी धाकटा भाऊ नववीत गेला, तेव्हा हजेरी घेताना सर आमच्या आडनावाशी थांबले. “काय रे, तुमचा कुत्रा मॅट्रिक झाला का?”