तुम्ही विचारलंत म्हणून: यात गाणं कुठंय?

हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी मला विचारला, त्यांतल्या बहुतेकांना तो अल्बम मीच ऐकायला दिला होता. निहिलॉक्सिका या चमूचा 'कालोली', 2020 सालचा. युगांडातल्या कंपालाचे ढोलवादक आणि ब्रिटनमधले दोन संगीतकार यांनी मिळून केलेला. त्या दोघांतला एक ड्रम किट वाजवतो, दुसरा सिंथेसायझर सांभाळतो. बाकी सगळा भार बुगांडा या युगांडातल्याच जुन्या राज्याच्या पारंपरिक ढोलांवर. गाणारा गळा शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. मग दोन दिवसांनी फोन येतो: "ऐकलं. पण यात गाणं कुठंय? आणि तुम्हाला यात नेमकं काय ऐकू येतं?"

प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. आजवर दर वेळी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले, आज सविस्तर सांगते.

माझ्याकडे एक वही आहे. ठोक्यांवर उभं राहिलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत कोणाला ऐकवलं की त्यांची पहिली प्रतिक्रिया मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. 'कालोली'ची पानं उघडली की एकाच अल्बमबद्दल बोलणं चाललंय यावर विश्वास बसत नाही. "शेजारी कोणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय." "सगळी एकच चीज, नाव बदलून." "तिसऱ्या तुकड्याला उठून उभी राहिले, का ते सांगता येत नाही." "डोकं धरलं." "भीती वाटली, पण बंद करवेना." शेवटचं वाक्य मला फार आवडतं. कालोली हे लुगांडा भाषेत मराबू करकोच्याचं नाव. उंच, टकला, कचऱ्याच्या ढिगांवर पोट भरणारा पक्षी, कंपालात जागोजागी दिसणारा. ज्या बाईंनी हे वाक्य म्हटलं त्यांना नावाचा अर्थ ठाऊक नव्हता.

बरेच दिवस मला वाटायचं, मतं वेगळी म्हणजे आवडी वेगळ्या, विषय संपला. मग एकदा सहज वहीत एक रकाना वाढवला: कुठं ऐकलं? आणि चित्र पालटलं. खिळे ठोकणारा फोनच्या स्पीकरवर ऐकत होता. डोकं धरणारी लॅपटॉपवर. उठून उभ्या राहिलेल्या मुलीनं मोठ्या स्पीकरांसमोर ऐकलं होतं, खोली बंद करून. अपवाद आहेत, आणि माझी वही म्हणजे काही संशोधन नाही. पण तेव्हापासून कोणी मत सांगायला लागलं की मी आधी जागा विचारते.

कारण साधं आहे. नृत्यसंगीतातला तळाचा ठोका, ज्याला किक म्हणतात, त्याचा मुख्य जोर साधारण 50 ते 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास असतो. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथवर उतरूच शकत नाही. दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज जवळजवळ विरून जातो. मग राहतं काय? ठोक्याचा वरचा टोकदार भाग, ती टक्क. सुरावटीचं गाणं असतं तर फोनवरही चाल ओळखू आली असती, कारण चाल मधल्या पट्टीत असते आणि उरलेलं मन भरून काढतं. इथं मात्र पायाच काढून घेतलाय आणि वरच्या कौलांवरून घराबद्दल मत द्यायचंय. खिळे ठोकल्यासारखं वाटलं, हे त्यानं अगदी खरं सांगितलं होतं. त्याच्यापर्यंत खिळेच पोहोचले होते.

आणि खालचा आवाज फक्त कानांनी ऐकायचा नसतोच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळावजा सभागृहात ऑर्फिक्स या टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं ठोकेबाज नृत्यसंगीत, करणाऱ्या जोडीचा खरोखरचा कार्यक्रम ठेवून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम चालू असताना अतिखोल आवाजाचे स्पीकर, 8 ते 37 हर्ट्झचे, आळीपाळीनं चालू-बंद केले. प्रेक्षकांच्या डोक्याला बांधलेल्या पट्ट्यांवरून त्यांची हालचाल मोजली. स्पीकर चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त हलत होते. गंमत म्हणजे तो आवाज कधी चालू आहे आणि कधी बंद, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. मला हे वाचून केवढा दिलासा मिळाला होता! 'का ते सांगता येत नाही' म्हणणारी ती मुलगी अक्षरशः खरं बोलत होती. शरीरानं मत दिलं होतं, तिला नंतर कळलं.

आता दुसरी तक्रार. ही जास्त वेळा येते आणि जास्त गंभीर आहे: सगळं सारखंच वाटतं.

इथं मी वाद घालत नाही, सोबत बसून ऐकते. सुरावटीवर वाढलेला कान बदल शोधतो तो वर-खाली जाणाऱ्या स्वरांत. तिथं काही हललं नाही की तो निकाल देतो, काहीच घडत नाहीये. पण तालाच्या संगीतात घडामोड असते ती पोतात, वजनात आणि जागेत. बुगांडाच्या ढोलांचंच बघा. एम्पून्यी तळाचा, जाड आवाजाचा. नामुंजोलोबा लहान, काठ्यांनी वाजणारा, उंच आवाजाचा. आणि एंगालाबी, हातांनी वाजवायचा लांबोळका ढोल, ज्याच्या तोंडावर परंपरेनं घोरपडीचं कातडं ताणलेलं असतं. म्हणून तो बाकीच्यांतून असा कापत वर येतो. या प्रत्येकाला स्वतःची पट्टी आहे. म्हणजे गाणं आहे हो, फक्त ते गळ्यात नसून कातड्यांच्या आपसातल्या बोलण्यात आहे. एकदा एंगालाबी वेगळा ऐकू यायला लागला की पुन्हा तो गर्दीत हरवत नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत ओळखीचा आवाज लागावा तसं होतं.

मी सांगते ती युक्ती एवढीच: पहिल्या ऐकण्यात पूर्ण अल्बम नको. एक तुकडा घ्या आणि तो तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त तळाचा ढोल धरा. दुसऱ्यांदा तो सोडून सगळ्यात वरचा. तिसऱ्यांदा काहीच धरू नका. तिसऱ्या वेळी बहुतेकांची मान हलते. काही जागी चाराच्या ठोक्यांवर तीनाची चाल धावताना जाणवते. पाय एक मोजतो आणि खांदे दुसरंच. ही ओढाताण मला या अल्बमचा प्राण वाटते. ठोका हवा तिथं पडत राहिला तर कंटाळा येतो, कुठेच हाती लागला नाही तर माणूस गोंधळतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्रोत्यांना ड्रमचे वेगवेगळे नमुने ऐकवले होते. अगदी सरळ ठेक्यांपेक्षा आणि फार तिरक्या, म्हणजे अपेक्षित जागा चुकवत पडणाऱ्या, ठेक्यांपेक्षाही मध्यम तिरक्या ठेक्यांवर लोकांना जास्त नाचावंसं वाटलं आणि आनंदही जास्त झाला. 'मध्यम' कुठे पडतं ते माझ्या मते कानाच्या सवयीवर ठरतं. नव्या माणसाला जो गोंधळ वाटतो, तोच दहाव्या खेपेला घरासारखा वाटतो. म्हणून पहिल्या ऐकण्याचं मत मी लिहून घेते, पण त्यावर तारीखही घालते.

'यंत्राला कुठला आलाय जीव?' असंही म्हणतात, बहुतेक वेळा निव्वळ ड्रम मशिनवर केलेल्या अल्बमबद्दल. यावर थोडक्यात बोलते. रॉजर लिन यांनी 1980 मध्ये आणलेल्या एलएम-1 या ड्रम मशिनमध्ये खऱ्या ड्रमचे नोंदवलेले आवाज तर होतेच, शिवाय ठेका 'झुलवायची' सोयही होती. प्रत्येक दुसरा सोळांश ठोका, म्हणजे मुख्य ठोक्याचे चार भाग केल्यावरचा छोटा ठोका, किंचित उशिरा टाकायचा. केवढा उशीर, ते वाजवणारा ठरवणार. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं की जीव त्या उशिरात आहे. रोलंड या जपानी कंपनीच्या टीआर-909 या ड्रम मशिनमध्ये किक आणि स्नेअर, म्हणजे तो चरचरीत आवाजाचा ड्रम, विजेच्या सर्किटमधून जन्मतात, झांजा मात्र खऱ्या झांजांच्या नोंदींवरून येतात. अर्धं कृत्रिम, अर्धं खरं, म्हणूनच कदाचित तो आवाज चाळीस वर्षांनंतरही शिळा वाटत नाही. आणि डेट्रॉइटचा टेक्नो संगीतकार जेफ मिल्स 909 समोर उभा राहून वाजवतो तेव्हा यंत्र आणि वादक यांतली रेघ मला तरी दाखवता येणार नाही. त्यानंच आफ्रोबीट या नायजेरियन तालप्रधान संगीताचे महान ड्रमवादक टोनी अ‍ॅलन यांच्यासोबत केलेलं ध्वनिमुद्रण 2018 मध्ये निघालं. अ‍ॅलनसारख्या माणसाला त्या यंत्रासमोर बसून वाजवावंसं वाटलं, एवढं मला पुरेसं आहे.

एका तक्रारीत मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची आहे. लांबण. नृत्यसंगीतातला एकेक तुकडा बऱ्याचदा डीजेच्या सोयीसाठी घडवलेला असतो. सुरुवातीला सोळा किंवा बत्तीस आवर्तनं नुसते ठोके, म्हणजे आधीच्या तुकड्यावर तो बेमालूम चढवता यावा. शेवटीही तेच. क्लबात ही जागा सोन्याची. घरी खुर्चीत बसलेल्या माणसाला तीच जागा दारात ताटकळत ठेवते. असे दहा तुकडे एकापुढे एक ठेवले आणि त्याला अल्बम म्हटलं, की ऐकणारा वैतागतो आणि योग्यच करतो. असे अल्बम पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगल्या अल्बमनाही लोक दारातूनच परत पाठवतात, याचं मला वाईट वाटतं. अल्बमला श्वास हवा, उतार हवा, कुठेतरी ढोल थांबल्यावरची शांतता हवी. थोडक्या सामानात हे साधतं. डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडचा 1994 चा 'मिनिमल नेशन' ऐका. किक, झांजा, सिंथेसायझरची एखादी छोटी अक्षरासारखी खूण, बस. तरी प्रत्येक तुकडा वेगळ्या खोलीत नेतो. तिथं काय काढून टाकायचं हे त्याला माहीत होतं.

मी स्वतः 'कालोली' पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहीत एकच शब्द लिहिला होता: रटाळ. लॅपटॉपवर, दुसरं काम करता करता ऐकला होता. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एका मैत्रिणीनं विचारलं, घेऊ का ऐकायला, आणि मी म्हटलं, वेळ घालवू नकोस. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पाच-सहा महिन्यांनी एका ओळखीच्या घरी, चांगल्या स्पीकरांवर, काम बाजूला ठेवून तोच अल्बम कानावर पडला आणि पहिल्या दोन मिनिटांत पोटात खड्डा पडला. ढोलांखाली सिंथेसायझरचा जो काळोखा, लांबवलेला सूर आहे, तो मी ऐकलाच नव्हता. तो माझ्या लॅपटॉपवर अस्तित्वातच नव्हता. मी मैत्रिणीला त्याच रात्री कळवलं, पण एकदा बंद केलेलं दार दुसऱ्यानं उघडावं लागतं. तिनं अजून ऐकलेला नाही. तेव्हापासून मी कोणालाही 'नको ऐकूस' म्हणत नाही.

ऐकणाऱ्यांची मतं किती उशिरा पिकू शकतात याचं एक उदाहरण मनात कायम असतं. चरणजित सिंग या वादकानं 1982 मध्ये टीआर-808 हे ड्रम मशिन आणि टीबी-303 हा खालच्या सुरांचा सिंथेसायझर, ही रोलंडचीच यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बांधले. अल्बम आला आणि जवळपास कोणाच्या लक्षातही आला नाही. 2010 मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांनी कान टवकारले, कारण शिकागोतल्या अ‍ॅसिड हाउसशी, म्हणजे काही वर्षं नंतर जन्मलेल्या संगीताशी, त्याचं विलक्षण साम्य होतं. ध्वनिमुद्रणात एक ठोकासुद्धा बदललेला नव्हता. मधल्या 28 वर्षांत कान बदलले होते. सिंग 2015 मध्ये वारले. ते कौतुक ऐकायला ते हयात होते, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

तर मतं कोणाची धरायची, असंही तुम्ही विचारता. मी स्तुती करणारी आणि झोडपणारी मतं वेगळी काढत नाही. ज्या मतात एखादी जागा सापडते ते मी धरते. 'अप्रतिम' वाचून मला काही कळत नाही. 'चौथ्या मिनिटाला वरचा ढोल थांबतो आणि मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं', हे मत नकारार्थी असलं तरी त्यावरून मी अल्बम शोधायला निघते.

भिंतीतल्या खिळ्यांवाले गृहस्थ परवा आले होते. मी 'कालोली' लावला, आवाज वाढवला, आणि त्यांना स्पीकरपासून सहा-सात फुटांवर उभं केलं. बसू दिलं नाही. दोन तुकडे ते हाताची घडी घालून उभे होते. तिसऱ्यात घडी सुटली. संपल्यावर म्हणाले, "अजूनही मला हे आवडतं असं म्हणवत नाही."

मी वहीत तसंच लिहिलं, शब्दाला शब्द.

"पण तो मधला," ते म्हणाले, "तो जरा चिरका, वरून कापत येणारा, तो कोणता ढोल? तो पुन्हा लावा."