सरोणखोऱ्याचे पंचांग कसे घडले: माझा अनुभव

काल्पनिक जगावरची कादंबरी लिहिताना नकाशा आणि राजघराणी यांच्या आधी मी कालगणना हाती घेतली, कारण कथेतील मुख्य खटला एका कर्जाच्या मुदतीवरून उभा राहतो आणि ती मुदत कोणत्या तिथीला संपते हे ठरल्याशिवाय पहिले प्रकरणसुद्धा लिहिता येत नव्हते. त्या जगाचे नाव सरोणखोरे. नाशिकमध्ये राहून हे काम करता आले हे मी भाग्य समजते, कारण एकाच गावात चंद्रावर चालणारे, सूर्यावर चालणारे, गुरू ग्रहावर चालणारे आणि नुसत्या पाण्यावर चालणारे असे सगळे हिशेब येथे रोजच्या व्यवहारात आहेत.

सुरुवात आपल्या पंचांगाची घडण समजून घेण्यापासून केली. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते; ही दरवर्षीची जवळपास ११ दिवसांची तूट साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरून भरून काढतात. कोणता महिना अधिक हे कोणी मर्जीने ठरवत नाही. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे एका राशीतून पुढच्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक, एवढा साधा नियम आहे. हा नियम इतका स्वयंपूर्ण आहे की तो मी जसाच्या तसा उचलला आणि आकडे तेवढे बदलले.

सरोणखोऱ्याचे वर्ष ४०० दिवसांचे. आकाशात दोन चंद्र, थोरली आणि धाकटी. थोरलीची एक पौर्णिमा ते पुढची पौर्णिमा हे अंतर साडेबत्तीस दिवसांचे, म्हणून महिने आळीपाळीने ३२ आणि ३३ दिवसांचे. धाकटीचे हेच अंतर २० दिवसांचे. थोरलीचे बारा महिने मिळून ३९० दिवस होतात, दरवर्षी दहा दिवस कमी पडतात आणि १३ वर्षांत बरोबर चार अधिक महिने येतात. खऱ्या आकाशात आकडे इतके नेटके जुळत नाहीत, पण वहीत हाताने हिशेब मांडायचा असल्यामुळे मी ते जुळणारेच निवडले. सूर्याची गती एकसारखी मानल्यामुळे क्षय मासाचा, म्हणजे एका चांद्र महिन्यात दोन संक्रांती येऊन एक महिना गळण्याचा, प्रश्नही उरला नाही.

यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अधिक महिना आला की आपल्याकडे लेक-जावयाला बोलावून धोंडे किंवा अनारसे देतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालगड्याच्या दृष्टीने या महिन्याकडे पाहिले तर निराळाच प्रश्न दिसतो. ठरलेले धान्य बारा महिन्यांचे असेल, तर तेराव्या महिन्याचे कष्ट कोणाच्या पदरी पडणार? सरोणखोऱ्यात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिला आणि अखेर असा रिवाज पडला की अधिक महिन्यात मालकाने गड्यांच्या घरी शिधा पोहोचवायचा आणि त्या महिन्याचे व्याज कोणी लावायचे नाही. सावकारांना हा महिना नकोसा असतो, गड्यांच्या घरी त्याची वाट पाहिली जाते. मी सण शोधायला निघाले नव्हते. हिशेबातल्या फटीतून तो आपोआप वर आला, आणि पुढे प्रत्येक सणासाठी मी अशीच फट शोधत गेले.

शेतीचे सण ठरवताना दिंडोरी तालुक्यातल्या मामांची द्राक्षबाग कामी आली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी. मी मामांना विचारले, "छाटणीचा एखादा ठरलेला दिवस असतो का?" ते म्हणाले, "अगं, सगळी बाग एकाच दिवशी छाटली तर सगळा माल एकदमच काढणीला येईल. तेवढी माणसं आणायची कुठून?" या उत्तराने माझा छाटणीचा सण बदलला. तो आता एका दिवसाचा नाही. उगमाकडच्या गावापासून सुरू होऊन रोज एकेक गाव खाली सरकत जातो, आज ज्यांच्याकडे सण आहे त्यांच्या वेली छाटायला शेजारच्या गावाने यायचे आणि तेथेच जेवायचे. आपल्याकडे शेजारच्या गावांच्या जत्रा वेगवेगळ्या तिथींना असतात म्हणूनच पाहुण्यांना जाता येते, त्यासारखेच हे.

दोन्ही चंद्र एकाच रात्री पूर्ण असण्याचा योग, म्हणजे जोडपौर्णिमा, दर २६० दिवसांनी येते. वर्ष ४०० दिवसांचे असल्यामुळे ती कोणत्याही ऋतूला बांधलेली राहत नाही. १३ वर्षांत ती २० वेळा येते, त्यांपैकी सात वर्षांत दोनदा, आणि १३ वर्षे भरली की पुन्हा त्याच दिवसावर येऊन बसते. येथे मला हिजरी वर्षाचा आधार मिळाला: त्यात अधिक महिना धरत नाहीत, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरतो आणि उन्हाळ्यातला लांब रोजा आणि हिवाळ्यातला आखूड रोजा दोन्ही एकाच माणसाने धरलेले असतात. फिरत्या सणाच्या नैवेद्यात ताजे पीक असू शकत नाही. जोडपौर्णिमेच्या ताटात म्हणूनच मी फक्त साठवणीतले पदार्थ ठेवले: जुनी बाजरी, वाळवलेली भाजी, मीठ, गूळ. ती ऐन टंचाईत आली तर तेच ताट घासाघासाने वाटून घ्यावे लागते आणि सुगीत आली तर कोणाला त्याचे अप्रूप नसते. एकच विधी, पण दर वर्षी त्याचा अर्थ वेगळा. कादंबरीतील दोन भावांचे भांडण याच दोन ताटांमध्ये घडते.

पुराचा सण मात्र तारखेचा नाही. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पोहोचले यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. सरोणी नदीत तसाच एक दगडी खांब आहे आणि पाणी त्याच्या दुसऱ्या खाचेला लागले की त्याच दिवशी सण. काही वर्षी तो होतच नाही. सणाच्या जागेचे वर्षभर काय होते, हा प्रश्न मला रंगपंचमीच्या रहाडींनी दिला. जुन्या नाशकातले हे पेशवेकालीन दगडी हौद एरवी लाकूड आणि मातीखाली झाकलेले असतात, वरून लोक ये-जा करतात, आणि फाल्गुन वद्य पंचमीला ते उघडले जातात. माझ्या खांबाभोवतीही म्हणूनच एरवी परटिणींचा घाट आहे.

सिंहस्थाचा आधार थोडक्यात घेतला. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात, म्हणून गुरू सिंह राशीत आला की भरणारा त्र्यंबकेश्वर-नाशिकचा सिंहस्थ २००३, २०१५ आणि आता २०२६-२७ असा येतो, आणि माणसाचे वय सांगताना त्याने किती सिंहस्थ पाहिले हेही बोलले जाते. सरोणखोऱ्यात हे काम १३ वर्षांचे चक्र करते.

राहिला खटला. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षातील तिथीला महिन्याचे नाव वेगळे पडते. खोऱ्यातले लोक अमान्त मोजतात, समुद्रकाठचे व्यापारी पौर्णिमान्त. "कुसर वद्य पंचमी" (कुसर हा तिथला एक महिना) अशी मुदत लिहिलेला कागद समुद्रकाठच्या सावकाराच्या मोजणीने नुकताच संपलेला आहे, खोऱ्यातल्या ऋणकोच्या मोजणीने अजून महिनाभर बाकी आहे. चक्राच्या चौथ्या वर्षी पहिला अधिक महिना येतो, म्हणून पहिले प्रकरण मी त्या वर्षात ठेवले आहे: व्याज थांबलेले आहे, कागद दोघांच्याही हातात आहे आणि न्यायाधीश समुद्रकाठचा आहे.